ठिपका हलतोय, तोवर फोन नाही

मी गाडी चालवत नाही, मला परवानाही नाही. तरी गाडी चालवताना मोबाइल वापरण्याबद्दल लिहितेय, कारण गेली अकरा वर्षं मी त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेय. मालवाहतुकीच्या कचेरीत माझं काम गाड्या लावण्याचं. कुठली गाडी कुठल्या फेरीला, ड्रायव्हर कोण, माल किती वाजता भरायचा, कुठे उतरवायचा. गाडी एकदा बाहेर पडली की "कुठे पोचलात?" विचारत बसायचं. गाड्या चौदा, आणि दिवसाला माझे साठ-सत्तर फोन. त्यातले बहुतेक चालत्या गाडीत वाजतात हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

डोक्यात शिरलं ते एका दुपारी. आमचे एक जुने ड्रायव्हर, माझ्याहून वयाने मोठे, मी त्यांना दादा म्हणते. त्यांनी माल उतरवला होता आणि ते परतीच्या वाटेवर होते. मी फोन लावला आणि विचारलं, "दादा, पोच पावतीवर शिक्का मारलाय का त्यांनी?" ते म्हणाले, "थांबा ताई, बघतो." मग कागदांची सळसळ, मग हॉर्न, आणि मग लोखंडी कपाट जिन्यावरून खाली आल्यासारखा आवाज. फोन बंद पडला नाही. पुढची काही मिनिटं मला त्यात फक्त इंडिकेटरची टिक् टिक् ऐकू येत होती. उभ्या ट्रेलरवर मागून गाडी गेली होती. दादांचं गळ्याजवळचं हाड मोडलं, अडीच महिने ते घरी होते. पावती नंतर माझ्या टेबलावर आली. शिक्का होता.

चौकशीत सगळ्यांनी त्यांनाच विचारलं, चालवताना फोन का उचलला? फोन कुणी केला होता, हे मला कुणीच विचारलं नाही. म्हणून पुढे जी पद्धत सांगतेय ती ड्रायव्हरपेक्षा फोन करणाऱ्यांसाठी जास्त आहे. कचेरीतल्या माणसांसाठी आहे आणि घरातल्यांसाठीही.

बंदी कशावर घालायची

बंदी असावी की नसावी यावर मी आता वाद घालत नाही. असावी. प्रश्न उरतो तो कशावर. बऱ्याच देशांचे कायदे हाताकडे बघतात. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ता वाहतूक करारात नंतर जी भर पडली, तीही हातात धरलेल्या फोनबद्दलच बोलते. ब्रिटनने डिसेंबर २००३ मध्ये हातातल्या फोनवर बंदी आणली, पण शब्द असे होते की फोनवरून संपर्क साधला तरच गुन्हा. २०१९ मध्ये एक माणूस सुटला, कारण तो चालत्या गाडीतून रस्त्यावरच्या अपघाताचं चित्रीकरण करत होता, कुणाशी बोलत नव्हता! शेवटी मार्च २०२२ मध्ये त्यांनी कायदा आवळला. फोटो काढणं, गाणं शोधणं, नुसतं बोटाने पान सरकवणं, सगळं त्यात आलं. सिग्नलला गाडी उभी असली तरी सूट नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने तर वरून काचेतून आत बघणारे कॅमेरेच लावले, ड्रायव्हरच्या हातात फोन आहे का हे टिपायला.

हे सगळं ठीक आहे. पण दादांचा फोन कानाला नव्हताच, समोर खाचेत लावलेला होता आणि स्पीकर चालू होता. हात मोकळे होते, त्याच मोकळ्या हातांनी ते पावती शोधत होते, कारण मी शोधायला सांगितली होती.

कान आणि डोकं गुंतलं की हात मोकळे असून काय उपयोग, हे मी सांगतेय अशातला भाग नाही. १९९७ मध्ये कॅनडात टोरांटोच्या संशोधकांनी ज्यांचा अपघात झाला अशा ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोन चालू असताना अपघाताचा धोका साधारण चौपट निघाला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या साधनांनी तो कमी झालेला दिसला नाही. २००५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासातही आकडा चौपटीच्याच आसपास आला. अमेरिकेत ऑगस्ट २०१० मध्ये मिसुरी राज्यात एका पिकअपने पुढच्या ट्रकला मागून धडक दिली आणि मग तिच्यावर शाळेची एक बस आणि त्या बसवर दुसरी बस आदळली. दोघांचा जीव गेला, ३८ जण जखमी झाले. तपासात निघालं की धडकेआधीच्या ११ मिनिटांत पिकअपच्या चालकाच्या फोनवर ११ संदेशांची ये-जा झाली होती. त्यानंतर तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये शिफारस केली ती हात मोकळे ठेवणाऱ्या साधनांसकट बंदीची. मी ते वाचलं तेव्हा माझं लक्ष त्या ११ वर अडकलं. त्यातल्या संदेशांना दुसरं टोक होतं, आणि तिथेही कुणीतरी बसलेलं होतं.

म्हणून आमच्याकडे बंदीचा अर्थ एकच: गाडी चालू असताना संभाषण नाही. स्पीकरवर नाही, कानातल्या बोंडावर नाही, गाडीच्या पडद्यावरूनही नाही.

आधी फोन करणाऱ्याला बांधा

सगळ्यात पहिल्यांदा आठवडाभर वही ठेवा. चालवणाऱ्या माणसाला आपण किती वाजता फोन केला, काय विचारलं, आणि ते तेव्हाच कळणं गरजेचं होतं का, एवढे तीन रकाने पुरे. मी ठेवली होती. तिसऱ्या रकान्यात 'हो' लिहिण्याजोगे फोन आठवड्यात चार निघाले. त्यातले दोन पत्ता बदलल्याचे, एक फेरी रद्द झाल्याचा आणि एक टायर फुटल्यावर आम्हीच परत केलेला. बाकी सगळे "कुठे पोचलात", "किती वेळ लागेल", "जेवलात का". शेवटचा प्रश्न मायेचा, मान्य आहे. पण ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते. "हो ताई, जेवलो, तुमचं झालं का" एवढं बोलेपर्यंत ती पन्नास मीटर पुढे गेलेली असते.

आता फोन उचलला की "गाडी चालवताय का?" असं विचारायची चांगली सवय काहींना असते. मलाही होती, आणि मी त्याच्यावर समाधानी होते. पण तो प्रश्न ऐकायला समोरच्याने फोन उचललेला असतो! नजर रस्त्यावरून गेलीच, हात खाचेकडे गेलाच. प्रश्न फोन लावण्याआधी स्वतःला विचारायचा असतो.

त्याला आमच्याकडे ठिपका आहे. प्रत्येक गाडीत ट्रॅकर बसवलेला असतो आणि पडद्यावर गाडी ठिपक्यासारखी दिसते. तो असूनही मी फोन करायचे, हे आठवलं की हसू येतं. नियम असा केला की ठिपका हलतोय तोवर फोन नाही. घरी ट्रॅकर नसला तरी मोबाइलवर आपलं ठिकाण घरच्यांना दाखवायची सोय असतेच, तिचा उपयोग तोच. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. ठिपका कधी कधी मागे राहतो, रेंज गेली की जुन्याच जागी चिकटून बसतो. आणि थांबलेला ठिपका म्हणजे थांबलेला माणूस असंही नाही. तो सिग्नलला असेल, फाटकापाशी असेल. म्हणून आम्ही ठिपका पाच मिनिटं एका जागी दिसला तरच नंबर लावतो. पहिल्या आठवड्यात ती पाच मिनिटं मला पाऊण तासासारखी वाटायची. मी अक्षरशः हातावर बसायचे.

सिग्नलवरून आठवलं. "लाल दिवा आहे, पटकन बोलतो" हे सगळ्यात फसवं. अमेरिकेतल्या एका वाहनचालक संघटनेच्या प्रतिष्ठानने २०१५ मध्ये बोलून आज्ञा देण्याच्या यंत्रणा तपासल्या. काही यंत्रणांमध्ये काम संपल्यानंतरही लक्ष पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत लागले. दिवा हिरवा झाला, फोन ठेवला, गाडी निघाली, आणि डोकं अजून बोलण्यातच आहे.

मग बोलायचं कधी

नुसतं 'फोन करू नका' म्हटलं की काम अडतं आणि चार दिवसांत बंदी मोडते. बोलण्याच्या जागा आधी ठरवाव्या लागतात. आमच्या फेरीच्या कागदावर आता थांबे छापलेले असतात: निघताना, मधला चहापाण्याचा थांबा, पोचल्यावर, माल उतरवल्यावर. त्या थांब्यांवर ड्रायव्हर स्वतः फोन करतो, मी करत नाही. लांबच्या फेरीत दोन तासांपेक्षा जास्त अंतराने थांबा ठेवत नाही. तो बोलण्यासाठीही असतो आणि पाठीसाठीही.

पोच पावती, शिक्का, सही, मोजदाद हे सगळं 'माल उतरवल्यावर'च्या फोनमध्येच संपवायचं. गाडीला हात लावण्याआधी ड्रायव्हर पावतीचा फोटो पाठवतो. मी 'मिळाला' लिहीपर्यंत तो किल्ली फिरवत नाही. ही अट मी घातली, आणि ती माझ्यासाठी जास्त जाचक आहे. मी जागेवर नसले तर गाडी खोळंबते, म्हणून जेवायला जाताना फोन दुसऱ्याच्या हाती देऊन जावं लागतं.

वेळ देताना थोडी ढील ठेवा. पार्टीला "चारला पोचेल" सांगितलं की पावणेचारपासून तिचे फोन सुरू, मग माझे ड्रायव्हरला. आता मी "चार ते पाचच्या मध्ये" सांगते. काही पार्ट्या रागावल्या, एक तर सोडूनच गेली. मालकांनी मला बोलावून घेतलं होतं, तेव्हा मी दादांची ती पावती पुढे ठेवली. पुढे विषय निघाला नाही.

आणि ड्रायव्हरचा नंबर पार्टीला द्यायचा नाही. हे लहान वाटतं, पण माझ्यामते निम्मी बंदी इथेच आहे. कचेरीतून मी कितीही हात आवरला आणि माल घेणारा दर दहा मिनिटांनी सरळ ड्रायव्हरलाच विचारत राहिला, तर काय फरक पडला? फोन कचेरीत येऊ द्या. मी ठिपका बघून उत्तर देते, तेही ड्रायव्हरच्या अंदाजापेक्षा बरोबर.

फोनमध्ये काय करायचं

इथे फार सांगण्यासारखं नाही, दहा मिनिटांचं काम आहे. आयफोनमध्ये 'फोकस'मध्ये 'ड्रायव्हिंग' असतं. गाडीच्या ब्लूटूथला जोडला गेला की आपोआप चालू होईल असं ठेवता येतं. अँड्रॉइडवाल्या बऱ्याच फोनांत 'व्यत्यय नको'च्या आसपास गाडी चालवतानाची सोय सापडते. आयफोनचं फोकस संदेश पाठवणाऱ्याला आपोआप उत्तरही पाठवू शकतं, ते नक्की चालू करा. फोन शांत ठेवला तरी समोरचा पुन्हा पुन्हा विचारत राहतो, उत्तर गेलं की तो थांबतो. आमच्या उत्तरात लिहिलंय: "गाडी चालवतोय. थांब्यावर फोन करतो. फारच तातडीचं असेल तर कचेरीला लावा."

एक छिद्र मात्र तपासा. एकाच नंबरवरून लगेच दुसऱ्यांदा फोन आला तर तो आत सोडायची सोय बऱ्याच फोनांत असते. अडीअडचणीसाठी ती ठेवलेली आहे, पण ज्यांना ती माहीत आहे ते प्रत्येक फोन दोनदा लावतात. आमच्याकडे ती बंद आहे.

नकाशा गाडी उभी असतानाच लावायचा, आवाज मोठा करायचा आणि मग पडद्याकडे बघायचं नाही. वळण चुकलं तर चुकलं, सरळ जात राहायचं, नकाशा नवा रस्ता काढतो. अपघात वळण चुकल्याने होत नाहीत, चुकलेलं वळण बोटाने दुरुस्त करताना होतात. नकाशा नको असेल त्या दिवशी फोन खाचेतही नको, बॅगेत मागे टाका. दुचाकीवाल्यांना तर दुसरा पर्यायच नाही. हेल्मेटमध्ये खुपसलेला किंवा खांद्याने कानाशी दाबलेला फोन म्हणजे मान एकीकडे वाकडी, आणि त्या बाजूच्या आरशात काय आहे ते देव जाणे.

शेजारी बसलेल्याशी बोललं तर चालतं का?

हे मला प्रत्येक नवा ड्रायव्हर विचारतो, तेही मी निरुत्तर होईन अशा आशेने. फरक आहे, आणि तो आमच्या क्लीनरने मला न कळत दाखवला. मी एकदा गाडीत बसून गेले होते. क्लीनर घरची काहीतरी गोष्ट रंगवून सांगत होता. समोर एक बस अचानक थांबली आणि हा वाक्याच्या मध्येच गप्प झाला. बस निघाली, गाडी तिला ओलांडून गेली, मग त्याने तेच वाक्य पुढे सुरू केलं. मी फोनवर असते तर? मला बस दिसली नसती. मी बोलत राहिले असते, वर "ऐकताय ना?" असं विचारलंही असतं. शेजारचा माणूस रस्ता वाटून घेतो. फोनवरचा घेऊ शकत नाही, तो कितीही समजूतदार असो.

म्हणून शेजारी कुणी असेल तर फोन त्याच्या हाती. उचलायचा त्याने, बोलायचं त्याने, निरोप थांब्यावर सांगायचा. मध्येच "हे म्हणतायत की..." करून ड्रायव्हरपुढे फोन धरायचा नाही.

वाजलाच तर

सगळं करूनही कधीतरी फोन वाजतो. वाजू द्यायचा. नाव बघायचं नाही, कारण नाव बघितलं की डोकं त्या माणसाकडे गेलंच. खूपच चुटपुट लागली तर गाडी नीट जागेवर घ्यायची: पंप, धाबा, रस्त्यापासून आत असलेली मोकळी जागा. जलद रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर फोनसाठी उभं राहायचं नाही. तिथे थांबलेल्या गाडीवर मागून येणारा आदळतो, आणि त्याच्याही हातात फोन असू शकतो. आम्ही तो प्रकार एकदा पुढच्या बाजूने अनुभवलेला आहे.

अपवाद एकच. आपल्यासमोर जीवावरचा प्रसंग आहे, मदत बोलवायची आहे आणि गाडी थांबवणं शक्य नाही. ब्रिटनच्या कायद्यातही आणीबाणीच्या नंबरला एवढीच सूट आहे. 'साहेबांचा फोन' त्यात बसत नाही.

बंदी टिकवायची कशी

ड्रायव्हरला दंड लावून आमची बंदी टिकली नाही. पहिल्या महिन्यात आम्ही तो प्रयोग केला आणि लोक फोन लपवून बोलायला लागले, म्हणजे मांडीवर ठेवून. नजर आणखी खाली. दंड काढून टाकला आणि उलट नियम केला: चालताना फोन उचलला नाही म्हणून कुणालाही बोल लावायचा नाही. मालकांनीसुद्धा नाही. हा दुसरा भाग मान्य करून घ्यायला मला तीन बैठका लागल्या. ज्या दिवशी मालकांचा फोन एका पोराने उचलला नाही आणि चाळीस मिनिटांनी धाब्यावरून उलट फोन करून "बोला साहेब" म्हणाला, आणि साहेब बोल न लावता कामाचं बोलले, त्या दिवशी बाकी तेरा जणांनी नियम खरा धरला.

तपासायच्या त्या नोंदी कचेरीच्या. महिन्याच्या शेवटी मी माझ्या फोनची यादी काढते आणि ट्रॅकरच्या नोंदीशी ताडून बघते, गाडी हलत असताना माझ्याकडून किती फोन गेले. गेल्या महिन्यात तीन गेले. ते मी फळ्यावर लिहिते, माझ्या नावासमोर. दादा परत कामावर आहेत, ते येता-जाता तो आकडा मोठ्याने वाचतात.

एक गोष्ट अजून जमलेली नाही, ती म्हणजे आवाजी निरोप. मी फोन करणं बंद केलं तसे घरचे लोक ड्रायव्हरांना बोलून निरोप पाठवायला लागले, आणि ते चालता चालता ऐकले जातात. "नुसतं ऐकतोय ताई, बोलत कुठेय," असं उत्तर मिळतं. शांत ठेवलेल्या फोनमध्येही निरोप येऊन पडलेला असतोच, आणि बायकोचा आवाज थांब्यापर्यंत ठेवून द्यायला सांगणारी मी कोण? सध्या एवढंच केलंय की नवीन माणूस कामाला लागला की त्याच्या घरी मी स्वतः एकदा फोन करते. वहिनींना थांब्यांच्या वेळा सांगते, त्यांच्याकडून लिहून घेते आणि माझा कचेरीतला नंबर देते. अर्ध्या घरी त्याचा उपयोग होतो.